डब, इलेक्ट्रॉनिका आणि देशोदेशीचे ठेके : पहिला ट्रॅक, पहिला सेट

डबकडे, म्हणजे रेकॉर्डमधले आवाज काढत-घालत आणि घुमवत तिचे नवे मिक्स घडवण्याच्या जमैकाच्या शैलीकडे, वळणारा नवोदित बहुतेक वेळा इकोच्या वाटेने येतो. स्नेअरचा एखादा ठोका विहिरीत टाकलेल्या खड्यासारखा घुमत खाली जाताना त्याने कुठेतरी ऐकलेला असतो, आणि संगणकावर सॉफ्टवेअर बसवताच तो पहिले काम करतो ते प्रत्येक ट्रॅकवर डिले (आवाजाची पुनरावृत्ती) आणि रिव्हर्ब (घुमारा) चढवण्याचे. अर्ध्या तासात सगळ्या आवाजांचा काला होतो, बास कुठे गेला ते कळत नाही, आणि मग अधिक महागडे प्लगइन शोधण्याची धावपळ सुरू होते. चूक उपकरणांत नसते, क्रमात असते. डबमध्ये आधी काढायचे असते आणि मग घुमवायचे असते. ज्या जागेतून आवाज काढून घेतला त्याच जागेत इको ऐकू येतो, आणि जागाच नसेल तर इको म्हणजे निव्वळ गलका. रिकाम्या प्रोजेक्टपासून सुरुवात करून एक ट्रॅक, त्याचे डब मिक्स आणि शेवटी वेगवेगळ्या देशांच्या ठेक्यांना जोडणारा छोटा डीजे सेट, इथवरचा मार्ग या लेखात दिला आहे.

आधी कान

पहिला आठवडा काहीही न बनवता केवळ ऐकण्यात घालवावा. हे तंत्र कसे जन्मले ते माहीत असले की ऐकताना नेमके काय शोधायचे ते कळते. १९६८ च्या सुमारास जमैकातील स्पॅनिश टाउनचा साउंड सिस्टिमवाला, म्हणजे मोठे स्पीकर लावून लोकांसमोर रेकॉर्ड वाजवणारा, रूडी रेडवूड ड्यूक रीड यांच्या ट्रेझर आइल स्टुडिओत एका गाजलेल्या गाण्याची खास प्लेट कापून घेत होता, आणि त्या प्लेटवर गायकाचा आवाज यायचा राहून गेला. रेडवूडने ती तशीच लोकांसमोर वाजवली, तेव्हा समोरच्या गर्दीने गाणे स्वतः म्हटले. त्यानंतर रेकॉर्डच्या मागच्या बाजूला गायनाशिवायचे ‘व्हर्जन’ देण्याची रीत पडली. ज्यांनी भजनी मंडळांत एकाच चालीवर चार वेगवेगळे अभंग ऐकले आहेत त्यांना जमैकाच्या ‘रिडिम’ची कल्पना समजायला वेळ लागणार नाही: ड्रम आणि बासचा एकच पाया, आणि त्यावर निरनिराळ्या गायकांची निरनिराळी गाणी.

या व्हर्जनचे डब केले ते किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीतील किंग टबी यांनी. त्यांचे मूळ नाव ऑस्बर्न रडॉक (१९४१–१९८९). ते मुळात रेडिओ आणि इतर इलेक्ट्रॉनिक उपकरणे दुरुस्त करणारे कारागीर होते, आणि घरातल्याच छोट्या स्टुडिओत चार ट्रॅकच्या टेपवरून मिक्स करत. चार ट्रॅक म्हणजे चार फेडर, आवाज कमी-जास्त करणाऱ्या चार सरकत्या पट्ट्या. त्यातला एक खाली ओढायचा, दुसरा अर्ध्या ठोक्यासाठी वर आणायचा, त्या अर्ध्या ठोक्याला इकोत ढकलायचे आणि पायऱ्यापायऱ्यांनी फिरणाऱ्या हाय-पास फिल्टरने खालचा आवाज कापत न्यायचा, एवढेच. मिक्सर हे रेकॉर्डिंगनंतरचे हिशेबाचे यंत्र न राहता वाद्य झाले ते इथे. त्याच शहरात ली पेरी यांनी १९७३ मध्ये घरामागे बांधलेल्या ब्लॅक आर्क स्टुडिओतही मल्टिट्रॅक यंत्र चारच ट्रॅकचे होते.

ऐकण्यासाठी टबींचे ऑगस्टस पाब्लो यांच्या मेलोडिकाबरोबरचे (फुंकून वाजवायच्या छोट्या कीबोर्डबरोबरचे) काम घ्यावे. त्यानंतर लंडनच्या मॅड प्रोफेसर यांनी मॅसिव्ह अटॅक या गटाच्या १९९४ च्या अल्बमचे १९९५ मध्ये केलेले डब रूप मूळ अल्बमशेजारी ठेवून ऐकावे, कारण काय काढले हे कळायला मूळ रूप कानात असावे लागते. बर्लिनच्या बेसिक चॅनेल या जोडीने १९९३ पासून हीच रिकामी जागा टेक्नोमध्ये नेली. आपल्या उपखंडाशी नाते सांगणारे काम हवे असेल तर लंडनचेच एशियन डब फाउंडेशन आहे, आणि तबल्याला ड्रम अँड बासमध्ये घेऊन १९९९ चे मर्क्युरी पारितोषिक मिळवणारे तलविन सिंग आहेत. ऐकताना एकच सवय लावावी: प्रत्येक वेळी एखादा आवाज निघून जातो तेव्हा वहीत रेघ ओढावी. पाच मिनिटांच्या चांगल्या डबमध्ये पानभर रेघा होतात.

सामान

लॅपटॉप, मिक्सिंगचे कुठलेही सॉफ्टवेअर, बंद कपांचे बरे हेडफोन आणि आठ नॉब व आठ फेडर असलेला साधा मिडी कंट्रोलर एवढे पुरते. एबलटन लाइव्ह सर्वत्र दिसते, परंतु रीपरसारखे स्वस्त सॉफ्टवेअर या कामाला अजिबात कमी पडत नाही. डीजे सेटच्या सरावासाठी मिक्स (Mixxx) नावाचे मोफत मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर आहे. पैसे खर्चायचेच असतील तर ते कंट्रोलरवर खर्चावेत, कारण माउसने एका वेळी एकच गोष्ट हलते आणि डबला किमान दोन हात लागतात. महाग यंत्रांविषयी न्यूनगंड वाटत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी: १९८५ मध्ये प्रिन्स जॅमी आणि गायक वेन स्मिथ यांनी जमैकाच्या संगीताला डिजिटल वळण दिले ते कॅसिओ एमटी-४० या घरगुती कीबोर्डमध्ये तयार मिळणाऱ्या एका ठेक्यावर.

पहिली पायरी : ड्रम आणि बास

टेम्पो १४० बीपीएम (मिनिटाला १४० बीट) ठेवावा आणि चार बीटचा एक बार मोजावा. डबची अंगभूत लय संथ आहे, म्हणजे पाय ७० ने हलतो. तरीही १४० ने मोजल्यास पुढे सेटमध्ये जोडण्या करताना सोय होते. ड्रमचे दोन साचे शिकणे पुरेसे आहे. ‘वन ड्रॉप’मध्ये पहिली बीट रिकामी राहते आणि किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) व रिमशॉट (स्नेअरच्या कडेवरचा ठोका) मिळून तिसऱ्या बीटवर पडतात. ‘स्टेपर्स’मध्ये किक चारही बीटवर पडते, आणि हाउस किंवा टेक्नोची सवय असलेल्या नाचणाऱ्यांना हा साचा जवळचा वाटतो. पहिल्या ट्रॅकसाठी स्टेपर्स घ्यावा. वन ड्रॉप लिहायला सोपा आणि पेलायला अवघड आहे.

बासकडे सर्वाधिक वेळ द्यावा. साध्या साइन लहरीपासून सुरुवात करावी आणि पेटीच्या भाषेत सांगायचे तर पांढरी सहा हा सूर आधार म्हणून धरावा. खालच्या सप्तकात त्याची कंपनसंख्या ५५ हर्ट्झ येते. दोन बारांची ही ओळ लिहून पाहावी: पहिल्या बारची पहिली बीट मोकळी, दुसऱ्या बीटवर पांढरी सहा, लगेच अर्ध्या बीटने पुन्हा तीच, तिसरी बीट मोकळी, चौथ्या बीटवर वरची पांढरी एक, दुसऱ्या बारच्या पहिल्या बीटवर पांढरी पाच दोन बीटपर्यंत लांबवलेली, आणि उरलेल्या दोन बीट पूर्ण शांत. ही ओळ दहा मिनिटे सलग चालू ठेवून घरातली दुसरी कामे करावीत. ती कंटाळवाणी वाटू लागली तर सूर वाढवू नयेत, एक सूर काढून पाहावा. बहुधा तेवढ्याने ती जिवंत होते.

त्या साइन लहरीवर थोडे सॅच्युरेशन, म्हणजे आवाजाला हलकासा खरखरीतपणा आणणारा परिणाम, अवश्य द्यावे. हा सल्ला मी एका फजितीतून शिकलो. मित्राच्या घरच्या हळदीत वाजवायला मी हौसेने एक ट्रॅक नेला होता, ज्याचा बास पांढरी तीनवर, म्हणजे सुमारे ४१ हर्ट्झवर, स्वच्छ साइन लहरीत बसवला होता. भाड्याने आणलेले स्पीकर गाणी आणि घोषणांसाठीचे होते. त्यांच्यात तेवढा खालचा आवाज उमटतच नव्हता. हेडफोनमध्ये डोलायला लावणारा पाया तिथे पूर्ण गायब झाला आणि मंडपात केवळ अधूनमधून ‘चक’ असा आवाज आणि त्याचे प्रतिध्वनी उरले. तीन-चार मिनिटांनी एक काका जवळ आले आणि अत्यंत अदबीने म्हणाले, ‘‘गाणं कधी सुरू करणार?’’ सॅच्युरेशनमुळे ५५ हर्ट्झच्या सुरासोबत ११० आणि १६५ हर्ट्झचे पडसादही तयार होतात, आणि लहान स्पीकरवर मूळ सूर नसला तरी कान त्या पडसादांवरून बासची ओळ ओळखतो.

दुसरी पायरी : थोडेच वरचे आवाज

बीट दोन आणि चारवर पेटी, पियानो किंवा गिटारचा अगदी आखूड कॉर्ड ठेवावा. याला ‘स्कँक’ म्हणतात. त्यातला ३०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाकावा, म्हणजे बासच्या अंगणात तो पाय ठेवणार नाही. त्यावर एक हाय-हॅट, एक दीर्घ सिंथ आवाज आणि मानवी आवाजाचा किंवा मेलोडिकाचा एखादा तुकडा घ्यावा. किक, स्नेअर, हाय-हॅट, बास, स्कँक, सिंथ, तुकडा आणि पुढे येणारा पाहुणा ठेका असे मिळून आठ ट्रॅक होतात. नववा ट्रॅक उघडू नये. कंट्रोलरला आठच फेडर आहेत हे निमित्त आहे. खरे कारण असे की आठांपेक्षा जास्त आवाज झाले की कुठला काढायचा हा निर्णय हातांना सुचत नाही.

तिसरी पायरी : इकोची जोडणी

इथे सावकाश चालावे. डिले थेट ट्रॅकवर न लावता दोन स्वतंत्र रिटर्न ट्रॅक (इतर ट्रॅकचा आवाज जिथे पाठवता येतो असे सामायिक ट्रॅक) उघडावेत, एकावर टेप-इकोसारखा डिले आणि दुसऱ्यावर स्प्रिंग रिव्हर्ब ठेवावा, आणि दोन्हींमध्ये मूळ आवाजाचे प्रमाण शून्य करावे. मग प्रत्येक ट्रॅकच्या सेंड नॉबमधून हवा तेवढा आवाज तिकडे पाठवता येतो. सेंड ‘पोस्ट-फेडर’ ठेवल्यास ट्रॅक म्यूट करताच नवा आवाज इकोत जाणे थांबते, परंतु आधी गेलेला आवाज घुमत राहतो. सगळ्या डबचे मर्म या एका वर्तनात आहे: माणूस खोलीतून निघून गेला आणि त्याची हाक मागे राहिली.

डिलेची वेळ टेम्पोवरून काढावी. ६०,००० ला बीपीएमने भागले की एका बीटची लांबी मिलिसेकंदांत मिळते. १४० ला एक बीट सुमारे ४२८.६ मिलिसेकंदांची असते. अर्ध्या बीटचा इको २१४.३ चा आणि पाऊण बीटचा ३२१.४ चा. अर्ध्या बीटचा इको ठोक्यांच्या वर बसतो आणि लपतो, तर पाऊण बीटचा इको ठोक्यांच्या मधल्या फटींत पडून नवा ठेका विणतो. सुरुवात पाऊण बीटने करावी. हा आकडा पुढे सेटमध्ये पुन्हा उपयोगी पडणार आहे.

डिलेच्या आतल्या फीडबॅक मार्गात, म्हणजे आवाज पुन्हा डिलेतच परत जातो त्या वाटेवर, हाय-पास २५० हर्ट्झच्या आसपास आणि वरचा आवाज कापणारा लो-पास ३,५०० च्या आसपास ठेवावा, म्हणजे प्रत्येक पुनरावृत्ती आधीपेक्षा बारीक आणि दूरची होत जाते. १९७४ मध्ये आलेल्या रोलँड आरई-२०१ या टेप-इको यंत्रात हे झिजणे टेपच्या फिरत्या पट्टीमुळे आपोआप होत असे; संगणकात ते मुद्दाम करावे लागते. फीडबॅक साधारण ५० टक्क्यांवर ठेवावा. तो १०० टक्क्यांच्या पलीकडे गेला की आवाज कमी होण्याऐवजी वाढत जातो आणि यंत्र स्वतःच ओरडू लागते. तो क्षण मोहक असतो आणि धोकादायकही, म्हणून रिटर्न ट्रॅकच्या शेवटी आवाज ठरावीक पातळीवर रोखणारा लिमिटर बसवल्याशिवाय आणि हेडफोनचा आवाज कमी केल्याशिवाय हा प्रयोग करू नये. डिलेच्या रिटर्नमधून थोडा आवाज स्प्रिंग रिव्हर्बकडेही पाठवावा. बास मात्र कुठल्याही इकोत पाठवू नये. निदान पहिली दहा मिक्स तरी.

चौथी पायरी : हातांनी मिक्स

आता १२८ बार, म्हणजे १४० च्या टेम्पोला सुमारे ३ मिनिटे ४० सेकंद, आतापर्यंतचे सातही ट्रॅक सरळ रेषेत पसरून ठेवावेत आणि रेकॉर्डिंग सुरू करून एका दमात मिक्स करावे. पहिल्या दोन वेळा इकोला हात लावण्याची मुभा नाही, केवळ म्यूट आणि फेडर वापरायचे. हा सराव नवोदितांना रुक्ष वाटतो, तरीही मी तो टाळू देत नाही, कारण नुसत्या काढण्या-घालण्याने ट्रॅक उभा राहत नसेल तर इको त्याला उभा करू शकत नाही. ड्रम आठव्या बारच्या शेवटच्या बीटला काढावेत आणि नवव्या बारच्या पहिल्या बीटला परत आणू नयेत. ऐकणारा जिथे वाट पाहतो तिथून पुढे आणखी दोन बीट त्याला थांबवावे. बास एकटा सोळा बार चालू द्यावा. एकदा बास काढून पाहावा, आठ बारांहून अधिक नाही, आणि तो परत येतो तेव्हा खोलीत काय होते ते पाहावे.

तिसऱ्या वेळी इको उघडावा. स्नेअरचा सेंड नॉब सतत वर ठेवायचा नसतो. एका ठोक्यापुरता झटकन वर नेऊन लगेच शून्यावर आणायचा, आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने ड्रम म्यूट करायचे. स्कँकचा एकच कॉर्ड इकोत टाकून, तो घुमत असताना डिलेची वेळ थोडी हलवली तर सूर ताणला जातो, जुन्या कॅसेटची पट्टी बोटाने दाबल्यासारखा. चुका होतील: ड्रम उशिरा परततील, फीडबॅक हाताबाहेर जाईल. त्या दुरुस्त न करता पुढे वाजवत राहावे आणि संपूर्ण मिक्स नव्याने घ्यावे. पाच-सहा मिक्सांमधून एक निवडावे, किंवा दोन मिक्सांचे चांगले भाग बारच्या सीमेवर जोडावेत. माउसने ऑटोमेशनच्या (नॉब आणि फेडर आपोआप हलवणाऱ्या) रेघा काढून नेटके केलेले मिक्स मला आजवर एकदाही पटलेले नाही, आणि याला कोणी माझा हट्ट म्हटले तर माझी हरकत नाही.

पाचवी पायरी : पाहुणा ठेका

आठव्या ट्रॅकवर आता दुसऱ्या प्रदेशाचा ठेका येतो. एका ट्रॅकमध्ये एकच पाहुणा घ्यावा. ब्राझीलचा बेरिंबाऊ, पश्चिम आफ्रिकेचा जेंबे आणि वर सतार अशी जत्रा भरवली की ट्रॅक विमानतळावरच्या शोभेच्या दुकानासारखा होतो.

सगळ्यात आधी ३-३-२ हा साचा हातांत बसवावा. आठ समान मात्रा मोजून ‘एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन’ असे म्हणावे आणि प्रत्येक ‘एक’वर टाळी द्यावी. क्यूबापासून पोर्तो रिकोपर्यंत असंख्य नृत्यसंगीतांच्या मुळाशी हा साचा आहे. रेगेटनचा डेम्बो ठेकाही त्याच्यावरच उभा आहे, आणि त्याची पाळेमुळे पुन्हा जमैकाच्या डान्सहॉलमध्येच सापडतात. कोलंबियाच्या किनारपट्टीवरून आलेला कुंबिया ९० ते १०५ बीपीएमच्या दरम्यान रमतगमत चालतो, आणि त्यातल्या खरखरणाऱ्या घासवाद्याचा आवाज डबच्या हाय-हॅटची जागा सहज घेतो. दक्षिण आफ्रिकेच्या अमापियानोचा वेग ११२ च्या आसपास असतो. त्यात ‘लॉग ड्रम’ नावाचा आवाज ड्रम आणि बास अशी दोन्ही कामे करतो, त्यामुळे तो घेतल्यास स्वतःची बास ओळ पूर्ण काढून टाकावी. एका घरात दोन कर्ते चालत नाहीत.

मराठी वाचकाला हाताशी असलेला प्रयोग दादऱ्याचा आहे. ‘धा धिं ना, धा तिं ना’ या सहा मात्रा १४० च्या चार बीटच्या बारमध्ये समान पसराव्यात. प्रत्येक मात्रा सुमारे २८५.७ मिलिसेकंदांची येते. आता पहिली मात्रा पहिल्या बीटवर आणि चौथी मात्रा बरोबर तिसऱ्या बीटवर पडते. दादऱ्यात सम पहिल्या मात्रेवर आणि खाली, म्हणजे काल, चौथ्या मात्रेवर असते. वन ड्रॉपमध्ये नेमकी पहिली बीट रिकामी आणि सगळा भार तिसऱ्या बीटवर असतो. एकाची भरी तीच दुसऱ्याची खाली. म्हणून ड्रम सेट वन ड्रॉपवर नेऊन वर ढोलकीवर किंवा तबल्यावर दादरा ठेवला की दोन्ही ठेके एकमेकांच्या पायात न येता पाळीपाळीने उतरतात. मी हे जोडकाम प्रथम ऐकले तेव्हा काही चुकले असावे असे वाटून पुन्हा मोजले होते.

ढोलकी प्रत्यक्ष वाजवून घेता आली तर तयार सॅम्पलपेक्षा ती केव्हाही सरस. वादकाला हेडफोनमध्ये यांत्रिक ‘टिकटिक’ न देता बास आणि किक ऐकवावी, चाट ट्रॅकच्या आधारसुराला लावून घ्यावी, मायक्रोफोन दीड-दोन फुटांवर ठेवावा आणि सलग चार मिनिटे रेकॉर्ड करावे. नंतर प्रत्येक ठोका संगणकाच्या रेघेवर चिकटवण्याचा मोह आवरावा. ठोके थोडे मागे पडत असतील तर संपूर्ण ट्रॅक एकत्र काही मिलिसेकंद आधी येईल असा सरकवावा, म्हणजे ठोक्यांमधली आपसातली झुलण शाबूत राहते. वादकाला किती पैसे दिले, नाव कसे छापायचे आणि रेकॉर्डिंग कुठे वापरायचे हे त्याच दिवशी कागदावर लिहून दोघांनी सही करावी. दुसऱ्याच्या प्रसिद्ध रेकॉर्डमधून उचललेला तुकडा परवानगीशिवाय प्रकाशित करता येत नाही, मग तो दोन सेकंदांचा असो की लोकगीताचा. लोकगीत सर्वांचे असले तरी त्याचे ते विशिष्ट रेकॉर्डिंग कोणाच्या तरी मालकीचे असते.

तपासणी

५० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर हवेत जवळजवळ सात मीटर लांब असते, आणि आपली खोली बहुधा साडेतीन मीटरची. त्यामुळे टेबलाशी बसून बास कमी वाटतो आणि कोपऱ्यात उभे राहिले की दुप्पट वाटतो. बासचा निर्णय हेडफोनवर घ्यावा, मग खोलीत फिरून, मोबाइलच्या स्पीकरवर आणि एखाद्या मोटारीत ऐकून पाहावा. साधारण १२० हर्ट्झच्या खालचे सगळे मोनो (डावी-उजवी बाजू एकच) ठेवावे, आणि एकदा पूर्ण मिक्सच मोनो करून ऐकावे, कारण अनेक ठिकाणचे मोठे स्पीकर मोनोतच जोडलेले असतात. फाइल २४-बिट वेव्हमध्ये काढून सर्वांत मोठा आवाज उणे ६ डीबीच्या आसपास राहू द्यावा.

सहावी पायरी : सेट जोडणे

अर्ध्या तासाच्या पहिल्या सेटसाठी आठ ते दहा ट्रॅक पुरतात. प्रत्येकाचा बीपीएम आणि आधारसूर स्वतः तपासून लिहून ठेवावा. सॉफ्टवेअर ७० ला १४० किंवा उलट ठरवून मोकळे होते. ट्रॅकचा वेग सहा टक्क्यांनी बदलला की सूर जवळपास एका स्वराने, म्हणजे पांढरीवरून लगतच्या काळीवर, सरकतो. सूर स्थिर ठेवण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते, परंतु मोठ्या बदलात ती बासचा कणा मोडते. बदल तीन-चार टक्क्यांच्या आत राहील असेच ट्रॅक शेजारी ठेवावेत.

अडचण येते ती १०५ च्या कुंबियावरून १४० च्या स्टेपर्सवर जाताना. वेग वाढवत नेणे शक्य नाही, आणि एक थांबवून दुसरा सुरू करणे म्हणजे नाचणाऱ्यांना बाकावर बसवणे. इथे मघाचा पाऊण बीटचा इको कामाला येतो. १०५ ला एक बीट ५७१.४ मिलिसेकंदांची, आणि तिची पाऊण बीट ४२८.६ मिलिसेकंदांची, म्हणजे १४० च्या टेम्पोची नेमकी एक बीट. कुंबियाच्या शेवटच्या बारमध्ये एखादा कोरडा ठोका पाऊण बीटच्या इकोत ढकलावा, फीडबॅक ९० टक्क्यांपर्यंत न्यावा आणि फेडर खाली आणावा. गाणे गेले, पण इकोची टकटक हवेत उरली, आणि ती १४० ची आहे. तिच्यावर स्टेपर्सची पहिली किक ठेवावी. ३-३-२ च्या आठ मात्रा दोन बीटमध्ये बसवल्या की त्यातला ‘तीन’ हीदेखील पाऊण बीटच असल्यामुळे नाचणाऱ्यांच्या पायांत हे अंतर आधीच बसलेले असते, आणि वेग बदलल्याचे फार थोड्यांच्या लक्षात येते. एक खबरदारी आवश्यक आहे: मिक्सरच्या इकोचा बीपीएम आपोआप ओळखणारी सोय बंद करून १०५ हाताने भरावा, नाहीतर दुसरा ट्रॅक सुरू होताच इको स्वतःची वेळ बदलून सगळा पूल कोसळवतो. हीच जोडणी ९३ वरून १२४ ला, म्हणजे डेम्बोवरून डब टेक्नोला जातानाही चालते.

दोन ट्रॅक एकत्र वाजत असताना बास कायम एकाचाच ठेवावा. नव्या ट्रॅकचा बास शून्यावर ठेवून तो आत आणावा आणि बारच्या सीमेवर दोन्ही नॉब एकदम उलटे फिरवावेत. त्याआधी चार बीट दोन्हींचे बास काढून टाकले तर अदलाबदल अधिक ठळक होते.

ठिकाणावर

आवाज तपासणीला लवकर पोहोचून सगळ्यात आधी फक्त बासची ओळ वाजवावी आणि खोलीभर चालावे. आपल्याकडे मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींमुळे ‘मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज’ असा समज पक्का झाला आहे. जमैकाची साउंड सिस्टिमही स्पीकरची भिंतच असते, परंतु तिच्यासमोर उभे राहिले की बास छातीत जाणवतो आणि तरीही शेजाऱ्याचे बोलणे कळते. अशी व्यवस्था भारतात अनुभवायची असेल तर दिल्लीच्या रेगे राजाज या गटाने २०१६ मध्ये सुरू केलेला गोवा सनस्प्लॅश हा महोत्सव माहीत असावा. कानांचा हिशेब सोपा आहे: ८५ डीबीला आठ तास ही मर्यादा धरली जाते आणि दर तीन डीबीला ती निम्मी होते, म्हणजे १०० डीबीला केवळ पंधरा मिनिटे. इअरप्लग घालूनच वाजवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

कार्यक्रम उघड्यावर असेल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद असतो. काही ठरावीक दिवसांना मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते, ती आयोजकाने आधीच लेखी घेतलेली आहे का हे विचारावे. इतरांचे संगीत जाहीरपणे वाजवण्याचे परवाने हेही आयोजकाचे काम आहे, तरी ते झाले आहे याची खात्री वाजवणाऱ्याने करून घ्यावी. सेट दोन पेनड्राइव्हवर न्यावा आणि दोन्ही वेगवेगळ्या खिशांत ठेवावेत. मिक्सरच्या रेकॉर्ड आउटपुटमधून संपूर्ण सेट रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी वही घेऊन ऐकावा, जिथे आवाज निघून गेला तिथे पूर्वीसारख्याच रेघा ओढाव्यात, आणि रेकॉर्डिंग इंटरनेटवर चढवताना ट्रॅकच्या यादीत ढोलकीवाल्याचे नाव, कागदावर ठरले होते तसेच, लिहावे.